लेस्टर स्क्वेअरची बाग: पाणी कोण घालणार?

लंडनला ऑनसाइट गेलेला माणूस एकदा तरी लेस्टर स्क्वेअरला जातोच. (स्पेलिंग बघून आधी 'लायसेस्टर' म्हणायचं आणि मग टीममधल्या कुणीतरी हसायचं, हा पण एक विधीच.) भोवती सिनेमागृहं, मधोमध छोटीशी बाग, बागेत शेक्सपिअरचा पुतळा. सँडविच खायला बरी जागा. या एवढ्याशा हिरवळीवरून शेजारीपाजारी जवळजवळ अडीचशे वर्षं भांडत होते, आणि त्यातल्या एका भांडणाचा निकाल आपल्या पुण्या-मुंबईतल्या जमिनींपर्यंत येऊन पोचला, हे मला फार उशिरा कळलं.

सुरुवात झाली कपडे वाळत घालण्यावरून! 1630 मध्ये लेस्टरचा अर्ल रॉबर्ट सिडनी याने इथली चार एकर जमीन विकत घेतली. जमीन त्याची खरी, पण पीक निघाल्यावर तिथे गुरं चारायची आणि एरवी कपडे वाळवायचे अशी सेंट मार्टिन पॅरिशमधल्या लोकांची जुनी वहिवाट. साहेब कुंपण घालणार म्हटल्यावर लोक थेट राजापर्यंत गेले. 1631 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तोडगा काढला. अर्लने घर बांधावं, पण काही जागा मोकळी सोडावी, तिथे पायवाटा करून झाडं लावावीत आणि लोकांना कपडे वाळवायला जागा ठेवावी. म्हणजे ही बाग कुणाच्या हौसेतून आलेली नाही, तडजोडीतून आलेली आहे.

पुढे 1670 च्या दशकात चौकाभोवती घरं झाली. होगार्थ, जोशुआ रेनॉल्ड्ससारखे चित्रकार इथे राहून गेले. बागेला रेलिंग आलं, मधोमध घोड्यावर बसलेला पहिला जॉर्ज आला. आता येऊ मुख्य भांडणाकडे.

1808 साली बाग आणि आसपासची काही घरं चार्ल्स ऑगस्टस टल्क याच्या मालकीची होती. त्याने घरं स्वतःकडे ठेवली आणि फक्त बाग एल्म्स नावाच्या माणसाला विकली. अटी अशा: एल्म्स आणि त्याच्यानंतर येणाऱ्या मालकांनी बाग स्वतःच्या खर्चाने नीटनेटकी ठेवायची, तिच्यावर काहीही बांधायचं नाही, आणि टल्कच्या भाडेकरूंना वाजवी पैसे घेऊन बागेची किल्ली द्यायची. जरा विचार केला की टल्कची हुशारी कळते. खिडकीतून दिसणारी हिरवळ त्याची, माळ्याचं बिल दुसऱ्याचं :)

हात बदलत बदलत बाग मॉक्सहेकडे आली आणि त्याने बांधकामाचा बेत केला. त्याचं म्हणणं सरळ होतं. करार टल्क आणि एल्म्समधला, माझ्या खरेदीखतात असली अट नाही, मग माझा काय संबंध? कोर्टात मात्र हे चाललं नाही. 1848 मध्ये लॉर्ड कॉटनहॅमने निकाल दिला की अट माहीत असताना जमीन घेतली असेल तर ती पाळावीच लागेल. कारण बघा, अट आहे म्हणून एल्म्सला बाग स्वस्तात मिळाली. तोच माणूस उद्या बिनअटीची म्हणून ती चढ्या भावाने विकू शकला, तर मूळ मालक फसलाच की. कॉटनहॅमने तो लूपहोलच बंद केला. आपल्याकडच्या 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम 40 याच तत्त्वावर उभं आहे.

टल्क जिंकला. बाग वाचली. मग गोष्ट इथेच संपायला हवी होती ना?

पण अटीचे भाग होते दोन. 'बांधू नकोस' हे कोर्ट सांगू शकतं. 'पाणी घाल, रेलिंग रंगव' हे नंतरच्या मालकाकडून कोण करून घेणार? 1881 मध्ये इंग्लिश कोर्टाने स्पष्टच सांगितलं की जमिनीबरोबर पुढे जातं ते न करण्याचं बंधन, खर्च करण्याचं नाही. आपलं कलम 40 पण रोखायचाच हक्क देतं.

परिणाम लेस्टर स्क्वेअरमध्ये लगेच दिसला. तीन वर्षांत, 1851 मध्ये, नकाशेवाला जेम्स वाइल्ड याने टल्क घराण्याशी तडजोड करून याच बागेत साठ फूट व्यासाचा पृथ्वीचा गोल उभा केला. आत जाऊन जिने चढत आतल्या बाजूला रंगवलेली पृथ्वी बघायची! म्हणजे बांधकाम झालंच, फक्त दहा वर्षांच्या बोलीने. 1862 मध्ये गोल पाडला आणि मग बागेकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. कचरा साचला. जॉर्जच्या पुतळ्याचे तर हालच. 1866 मध्ये कुणीतरी घोड्याला पांढरा रंग देऊन वर काळे ठिपके काढले आणि राजाच्या हाती झाडू दिला. मेट्रोपॉलिटन बोर्डाने बाग ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, तर 1868 मध्ये टल्क घराण्याने त्यांनाही कोर्टात हरवलं. स्वतः करायचं नाही आणि दुसऱ्याला करू द्यायचं नाही. ओळखीचं वाटतंय?

शेवटी 1874 मध्ये अल्बर्ट ग्रँट नावाच्या, कंपन्या काढून पैसा केलेल्या खासदाराने सुमारे 11,000 पौंडांना बाग घेतली, शेक्सपिअर बसवला आणि सगळं बोर्डाला देऊन टाकलं. (ग्रँटसाहेबांचं पुढे दिवाळं वाजलं. असो.) आज हा भाग जतन क्षेत्रात आहे. अशा क्षेत्रात खाजगी आवारातलं झाड तोडायचं तरी कौन्सिलला साधारण सहा आठवडे आधी कळवावं लागतं.

पण पाण्याच्या प्रश्नाला जास्त चांगलं उत्तर मला तिथून दोन-तीन मैलांवर सापडलं. गोल उभा राहिला त्याच 1851 मध्ये केन्सिंग्टनसाठी एक कायदा झाला. चौकातल्या रहिवाशांनी बागेची कमिटी निवडायची, कमिटीने वर्षाचा खर्च ठरवायचा आणि तो पट्टी लावून भोवतीच्या घरांकडून वसूल करायचा. तिथे अजून तसंच चालतं, बागेचे पैसे कौन्सिल टॅक्सबरोबर येतात. तुम्ही वर्षभर बागेत पाऊल टाकलं नाही तरी भरायचे.

माळी कुठला ठेवायचा आणि कुत्री आत सोडायची का, यावरून तिथली कमिटी भांडायला मोकळी.