कुटीर रुग्णालयाचे घरपण

रुग्णालयांच्या वास्तूंचा इतिहास सांगताना लेखकांची दृष्टी सहसा राजधान्यांतील भव्य इमारतींवर खिळते. परंतु इंग्लंडच्या ग्रामीण रुग्णसेवेस ज्या इमारतीने नवे वळण लावले, ती मुळात रुग्णालय म्हणून बांधलेलीच नव्हती. सरे परगण्यातील क्रॅनली या खेड्यात १८५९ साली डॉक्टर आल्बर्ट नॅपर यांनी, तेथील धर्मोपदेशक सॅप्टे यांच्या साहाय्याने, लाकडी सांगाड्याच्या एका जुन्या घरात सहा खाटा मांडल्या. या प्रकारच्या रुग्णालयांत हेच पहिले गणले जाते. ‘कुटीर रुग्णालय’ हे जव्हारसारख्या ठिकाणी आपल्याकडेही रूढ झालेले नाव याच परंपरेतले होय.

त्या काळी खेड्यातील मजुराचा पाय मोडला तर त्याची अवस्था काय होत असेल, याची वाचकांनी कल्पना करावी. लंडन तीस मैलांहून दूर. क्रॅनलीस रेल्वे आली ती १८६५ साली. तेव्हा एक तर गाडीतून धक्के खात दूरच्या रुग्णालयाची वाट धरावी, नाही तर आपल्या कोंदट खोलीत पडून राहावे. नॅपर यांनी तिसरा मार्ग काढला. रोग्याने ऐपतीप्रमाणे आठवड्याला काही रक्कम द्यावी आणि आपल्याच गावात, ओळखीच्या माणसांत उपचार घ्यावे.

योगायोग असा की, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा रुग्णालयविषयक ग्रंथ त्याच १८५९ साली प्रसिद्ध झाला. समोरासमोर खिडक्या असलेली, वारा आरपार खेळणारी लांब दालने बांधावीत, असा त्यांचा आग्रह होता. ठेंगण्या छपराचे जुने घर या कसोटीस कसे उतरावे? तथापि या घराच्या उणेपणातच त्याचे बळ होते. सहाच खाटा असल्यामुळे रोग्यांची दाटी होणे शक्यच नव्हते.

दाटीचे परिणाम किती भयंकर होते, हे एडिंबरोचे जेम्स सिम्प्सन यांनी १८६९ साली आकड्यांनी मांडले. मोठ्या रुग्णालयांत हातपाय कापण्याच्या २,०८९ शस्त्रक्रियांत ८५५ रोगी दगावले होते. खेड्यापाड्यांतील डॉक्टरांनी केलेल्या २,०९८ शस्त्रक्रियांत मात्र २२६. दोहोंकडील रोगी सारखे नसल्याने ही तुलना सदोष आहे, असा आक्षेप घेतला गेला व तो निराधार नव्हता. तरीही इमारतीचा आकार हा रोग्याच्या जीवनमरणाचा प्रश्न आहे, हे त्यामुळे सर्वांच्या ध्यानी आले.

लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती १८६७ साली प्रसिद्ध झाली. तिचा प्रसार होताच मोठ्या रुग्णालयांतील हा धोका ओसरू लागला आणि लहान घराच्या बाजूचा सर्वांत मोठा शास्त्रीय आधार गेला. पण कुटीर रुग्णालये बंद पडली नाहीत. उलट वाढतच गेली. पुढे मुद्दाम बांधलेल्या इमारतींतही मोजक्या खाटांच्या खोल्या आणि राहत्या घराचा घाट बहुधा कायम राहिला. शास्त्राचे कारण सरल्यावरही माणसांनी तो घाट का जपला असावा? रोग्यास औषधाइतकीच आपल्या माणसांच्या जवळिकेची गरज असते, हे त्यांनी अनुभवाने ओळखले होते, असे आम्हांस वाटते.

खर्चिक यंत्रे आणि निष्णात शल्यविशारद प्रत्येक खेड्यात असू शकत नाहीत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु मोठ्या रुग्णालयाची योजना आखणाऱ्यांनी क्रॅनलीच्या त्या सहा खाटा नजरेआड करू नयेत. वास्तू कितीही विस्तारली, तरी आत पाऊल टाकणाऱ्या रोग्यास आपण परक्या ठिकाणी आलो असे वाटू नये, यातच रुग्णालयाच्या वास्तुकलेची खरी परीक्षा आहे.