सपाट पत्रा आणि उभे भांडे

ज्ञातीचा इतिहास लिहावयाचा म्हटले म्हणजे कुलदेवता, आडनावे व स्थलांतरे यांवर पुष्कळ पाने खर्ची पडतात. हातातील विद्येचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. आपल्या तांबटांच्या विद्येचे एक अंग म्हणजे सपाट पत्र्यावर आखलेल्या आकृतीवरून भांडे उभे करणे. त्याविषयी येथे थोडे लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. निमित्त घरगुतीच आहे.

नाशिकचा तांब्यापितळेचा धंदा जुना. १८८३ सालच्या जिल्हा गॅझेटियरातही त्याची नोंद आहे. परदेशी कारखान्यांतील तयार पत्रा मुंबईमार्गे येऊ लागल्यावर धातू ठोकून पत्रा करण्याचे श्रम वाचले. परंतु तो नेमका कोठे कापावा, हे ज्ञान अधिकच मोलाचे ठरले. नरसाळ्याचेच पाहा. तोंडाचा व्यास १२ इंच व तिरकी बाजू १५ इंच हवी असेल, तर सपाट पत्र्यातून १४४ अंशांचा पंखा कापावा लागतो. सांध्यासाठी पट्टी निराळी. आमच्या आजोबांस अंश ठाऊक नव्हते. ते तोंडाचा परीघ दोरीने घेऊन पंख्याच्या कमानीवर टाकीत, आणि उत्तर तेच येई! जर्मनीत ड्यूरर या चित्रकाराने १५२५ साली छापलेल्या भूमितीच्या ग्रंथात घनाकृती उलगडून सपाट काढून दाखविल्या आहेत. आपल्याकडे ही विद्या कागदावर न उतरता पत्र्याच्या नमुन्यांत राहिली.

पुढे ॲल्युमिनियम व स्टेनलेस स्टील घरोघर आले आणि भांडी बाजारातील तांब्याची मागणी ओसरली. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९६४ साली ओझरला विमानांचा कारखाना आला, आणि आपली मुले सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पत्राकामालाच लागली. धंदा सुटला, पत्रा सुटला नाही.

आता निमित्त सांगतो. घर उतरविताना माळ्यावर आजोबांचे सात नमुने सापडले. बाकीचे आम्हीच पूर्वी मोडीत घातले होते, हे कबूल केले पाहिजे. सातांपैकी तीन कशाचे, हे घरात कोणास सांगता येईना. अंबडला काम करणाऱ्या आमच्या नातवाने ते मोजून संगणकात आखले. १९९५ साली निघालेल्या सॉलिडवर्क्ससारख्या प्रणालीत सपाट आकृतीवर वाकविण्याच्या रेषा ओढावयाच्या, कोणती बाजू स्थिर राहील ते दाखवावयाचे व कोन द्यावयाचा. पत्रा पडद्यावर आपोआप दुमडतो. मात्र एक अंक अगोदर सांगावा लागतो. वाकताना पत्र्याची बाहेरची बाजू ताणते, आतली दबते, आणि मधला एक थर तेवढा आपली लांबी राखतो. तो थर जाडीच्या कितव्या भागी आहे, हे त्या अंकाने कळते. २ मिलिमीटर जाड पत्र्याचा, आत २ मिलिमीटर गोलाई ठेवून, बाहेरून ५०-५० मिलिमीटरचा काटकोन करावयाचा, तर पट्टी १०० नव्हे, सुमारे ९६.५ मिलिमीटर लागते. आजोबा "पत्रा वाकताना थोडा खातो" म्हणत, ते हेच असावे.

अनोळखी तिघांपैकी एक नमुना दुमडताच धान्य मोजण्याचे चौकोनी माप निघाले. दुसरा बंबाच्या धुराड्याचा तिरका जोड निघाला. तो पाहून आमच्या वडील भगिनींस आमचा जुना बंब आठवला. तिसरा नमुना निव्वळ गोल चकती. "आजोबा, ह्यात दुमडण्यासारखे काहीच नाही," असे म्हणून नातवाने हात टेकले.

त्याचे खरेच होते. घागरीचा बुडखा चकतीतून येतो. पण तो वाकवून नव्हे, तर ठोकून, तापवून व पुन्हा ठोकून. गाऊस या गणितज्ञाने १८२७ साली सिद्ध केले की, गोलाचा पृष्ठभाग न ताणता सपाट होत नाही. तेव्हा सपाट पत्राही न ताणता गोल होणार नाही. हा ताण कोठे किती द्यावयाचा, ते चकतीवर लिहिलेले नसते. वाकविण्याची विद्या आकृतीत उरते. मठारण्याची विद्या हाताबरोबर जाते.

तथापि या चकतीवर, मध्यापासून निरनिराळ्या अंतरांवर, खिळ्याने कोरलेली तीन वर्तुळे आहेत. प्रत्येक फेरीत हातोडा कोठून धरावयाचा याच्या त्या खुणा असाव्यात, असा आमचा तर्क आहे. ऐन उमेदीत मठारकाम केलेले एक वयोवृद्ध गृहस्थ तांबट लेनमध्ये आहेत. दिवाळीनंतर चकती घेऊन त्यांजकडे जावयाचे आम्ही व नातवाने ठरविले आहे.