एका खोबणीचा इतिहास

वादकाची बोटे तारांवर फिरत आहेत, तारा कंप पावत आहेत, आणि ध्वनिवर्धकातून मात्र स्वराऐवजी नुसती खरखर येत आहे, असा प्रसंग विजेच्या गिटारच्या बाबतीत वारंवार ओढवतो. अशा वेळी दोष पुष्कळदा तारांत नसतो आणि चुंबकांतही नसतो. वाद्यात उत्पन्न झालेला क्षीण विद्युत्प्रवाह ज्या खोबणीतून बाहेरच्या वायरीत उतरतो, त्या ‘जॅक’मध्ये तो असतो. वस्तू क्षुद्र खरी. परंतु तिचे वय विजेच्या गिटारपेक्षा अर्धशतकाने अधिक आहे, आणि तिचा जन्म संगीतासाठी झालेला नाही.

अमेरिकेत न्यू हेवन येथे २८ जानेवारी १८७८ रोजी जॉर्ज कॉय याने पहिले व्यापारी टेलिफोन-केंद्र उघडले. ग्राहक होते अवघे २१. ग्राहक वाढले तेव्हा कोणाचीही तार कोणाच्याही तारेस क्षणात जोडण्याची सोय निकडीची झाली. शिकागोच्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमधील चार्ल्स स्क्रिबनर याने यासाठी जी कळ योजली, तिचा आकार घडीच्या चाकूसारखा, म्हणजे ‘जॅक-नाइफ’सारखा होता, ‘जॅक’ हे नाव त्यावरूनच आले असे मानतात. पुढे पाव इंच जाडीचा प्लग आणि त्यास बसणारी खोबण हीच केंद्राची भाषा झाली.

विजेची गिटार बाजारात आली ती १९३२ च्या सुमारास. तिला हा तयार जोड आयताच मिळाला. १९५० नंतरच्या टेलिकास्टरमध्ये तो कडेला बसला, तर १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये दर्शनी भागावर तिरप्या पत्र्यात.

त्याची रचना साधी आहे. प्लगच्या टोकामागील खाचेत एक वाकडी लवचिक पट्टी अडकते व स्वराचा प्रवाह घेते. प्लगची दांडी बाहेरील कड्यास टेकून परतीची वाट देते. प्लग पुनःपुन्हा घातल्याने नट सैल होतो, सबंध जॅक आत फिरू लागतो, तारांना पीळ बसतो आणि डाख तुटतो. किंवा पट्टीचा ताण जातो व खरखर सुरू होते. दुरुस्ती तितकीच सरळ आहे. प्रथम वायर काढावी, पत्र्याचे स्क्रू सोडवावेत, जॅक आतून घट्ट धरून मगच नट आवळावा. पट्टी किंचित आत वाकवावी, मळलेले धातू पुसावे. तार सुटली असल्यास जुना डाख काढून नवा द्यावा. मात्र स्वराची तार पट्टीच्या टोकास आणि परतीची कड्याच्या टोकास, ही खूण विसरू नये. अदलाबदल झाल्यास वाद्य गुणगुणू लागते.

हिंदुस्थानात कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोन-केंद्रे १८८२ साली उघडली. परप्रांती नोकरी करताना ट्रंक-कॉल लावून घरच्या आवाजाची तासन्‌तास वाट पाहिलेल्या वडीलधाऱ्या वाचकांना त्या प्लगांची ओळख नकळत झालेली आहे. दूर कोठे तरी कोणी प्लग खोबणीत सारला की आईचा आवाज कानी येई. १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर ग्राहकाला स्वतःच थेट क्रमांक फिरवण्याची सोय झाली, आणि कालांतराने ते फलक व ती माणसेही गेली.

जॅक मात्र राहिला. तो श्रेष्ठ होता म्हणून नव्हे, तर उघडता येत होता म्हणून. त्याला पाना लागतो, थोडा डाख लागतो, आणि ज्याला कारण समजले त्याच्या हातून तो पुन्हा बोलू लागतो. ज्या वस्तूस मोडल्यावर फेकूनच द्यावे लागते, तिला इतके दीर्घ आयुष्य क्वचितच लाभते. मौन पडलेल्या वाद्यास दोष देण्यापूर्वी त्याचा जोड तपासावा, एवढे या खोबणीचा इतिहास आपणांस सांगतो. माणसामाणसांतील मौनाच्या बाबतीतही हा नियम फारसा वेगळा नसावा.