लेबरच्या कोड्याचा उलगडा

घरांतील वृद्धांस दिसेनासें झालें, कीं आपण ‘वय झालें’ एवढेंच म्हणून स्वस्थ बसतों. परंतु वयानें डोळ्यांत नेमकें काय झिजतें, हें मनुष्यास एका तरुणांच्या रोगानें शिकविलें. त्याचा इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

हेल्महोल्त्झ यांनीं १८५१ सालीं नेत्रांतर्दर्शक यंत्राची माहिती प्रसिद्ध केली आणि जिवंत मनुष्याचें दृष्टिपटल वैद्यांस पाहतां येऊं लागलें. पुढें १८७१ सालीं जर्मन नेत्रवैद्य थिओडोर लेबर यांनीं एका विलक्षण रोगाचें वर्णन केलें. ऐन तारुण्यांत, विशेषतः पुरुषांची, समोरची दृष्टि वेदनेवांचून मालवे. हा रोग आईच्या वंशानेंच येतो, रोगी पित्याच्या संततींत उतरत नाहीं, असें पुढील अभ्यासकांस आढळलें. याचें कारण मात्र नेत्रशास्त्रापाशीं नव्हतें.

तें निराळ्याच वाटेनें आलें. पेशींतील कांहीं सूक्ष्म कणांस कार्ल बेंडा यांनीं १८९८ सालीं ‘मायटोकॉन्ड्रिया’ हें नांव दिलें. हे कण म्हणजे पेशीच्या चुलीच होत. अन्नरस व प्राणवायु यांच्या योगानें पेशीस लागणारी शक्ति तेथें सिद्ध होते. या चुलींचें स्वतःचें वंशद्रव्य असतें, हें १९६३ च्या सुमारास कळलें. आणि तें अपत्यास मातेकडून मिळतें! अखेर १९८८ सालीं डग्लस वॉलेस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें, कीं अनेक रोगग्रस्त कुटुंबांत या वंशद्रव्याच्या १६,५६९ अक्षरांपैकीं ११,७७८ वें अक्षर बदललेलें आहे. दृष्टीचा संदेश मेंदूकडे नेणाऱ्या पेशींस शक्ति फार लागते. म्हणून चूल मंदावतांच प्रथम त्याच खचतात. ११७ वर्षांचें कोडें असें सुटलें.

वार्धक्यांत हेंच सावकाश घडतें. वयाबरोबर या वंशद्रव्यांत दोष सांचत जातात आणि पीतबिंदूच्या ऱ्हासांत ते अधिक आढळतात. अर्थात् त्या रोगाचें हें एकच कारण नव्हे; परंतु तंबाखूचा धूर दोन्ही रोगांस पोषक ठरतो, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

या इतिहासाचा बोध आमच्या मतें दुहेरी आहे. जो दोष मातेसही तिच्या मातेकडून नकळत मिळाला, त्याबद्दल तिला बोल लावणें अन्यायाचें होय. आणि वृद्धांचें अंधुक दिसणें वयाच्या माथीं मारून त्यांस वैद्याकडे न नेणें, हाही अन्यायच होय.