बेनामी गोल

बी.कॉम. झालं की माणसाची मार्कांपासून एकदाची सुटका होते. फुटबॉलच्या व्हिडिओ गेमची होत नाही. दसऱ्याच्या आगेमागे आमच्या जिल्ह्यात सोयाबीन बाजारात येतं, आणि त्याच सुमारास तिकडे विलायतेत फुटबॉलच्या गेमची नवी आवृत्ती येते. मग समीक्षक नावाची मंडळी ती चार-आठ दिवस खेळतात आणि दहापैकी किंवा शंभरपैकी मार्क देतात. हिंगणघाटच्या बाजारात ग्रेडर जसा गाडीतला मूठभर कापूस ओढून धागा बघतो, तसे हे लोक चेंडू बघतात. पायाला उगाच चिकटून राहतो का? लाथ मारल्यावर वजनदार वाटतो का? गोलकीपर शहाण्या माणसासारखा वागतो का? गाडीवर कुणाचं नाव रंगवलंय याच्याशी ग्रेडरला कर्तव्य नसतं.

मला मात्र नावाशीच कर्तव्य. बँकेत माझं टेबल के.वाय.सी.चं. म्हणजे खातेदाराचं आधारवरचं नाव, पॅनवरचं नाव, सातबाऱ्यावरचं नाव आणि गावात त्याला ज्या नावानं हाक मारतात ते नाव, ही चारही नावं एकाच इसमाची आहेत याची खात्री करून घ्यायची. अशा टेबलावर अर्धं आयुष्य गेलेल्या माणसानं फुटबॉल गेमच्या समीक्षेचा इतिहास वाचायला घेतला, तर त्याला त्यात गोल दिसत नाहीत. नावं दिसतात.

सुरुवातच बघा ना. १९८६ साली मेक्सिकोत विश्वचषक भरला, तो मॅराडोनाचा. इंग्लंडातल्या यू.एस. गोल्ड या कंपनीनं (नाव अमेरिकेचं, बिऱ्हाड इंग्लंडात, माझ्या टेबलावर हा फॉर्म परत गेला असता) त्या विश्वचषकाचं अधिकृत नाव वापरायचा हक्क मिळवला. नाव हातात आलं, पण गेम काही वेळेत तयार होईना. तेव्हा त्यांनी आर्टिक नावाच्या दुसऱ्या कंपनीचा दोन वर्षं जुना गेम उचलला, थोडी रंगसफेदी केली आणि ‘वर्ल्ड कप कार्निव्हल’ म्हणून खोक्यात घातला. खोकं हलकं लागू नये म्हणून सोबत भिंतीवर लावायचा तक्ता दिला. आहेरात आलेलं पातळ पुढच्या लग्नात आहेर म्हणून देण्याची चाल आपल्याकडेही आहे, नाही असं नाही. पण आपण निदान त्याची घडी मोडलेली नसते. तेव्हाच्या कॉम्प्युटर मासिकांनी या गेमची सालटी काढली. नाव अस्सल, माल शिळा, शेरा नापास.

दुसरा अंक १९९३ चा. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या कंपनीनं खुद्द फिफाचंच नाव घेतलं आणि पहिला ‘फिफा’ काढला. यातला माल बरा होता. तोवरचे गेम मैदान एक तर डोक्यावरून दाखवायचे नाही तर बाजूनं. यात ते तिरकं दिसायचं, स्टेडियमच्या वरच्या बाकावर बसल्यासारखं. समीक्षक खूश झाले. गोलकीपर चेंडू फेकायला लागला की त्याच्यासमोर नुसतं उभं राहावं, चेंडू आपल्या अंगावर आपटून गोलात जातो, हा चमत्कार पोरांनी शोधून काढला तरी स्तुती ओसरली नाही. पण खेळाडूंची नावं? फिफानं आपलं नाव दिलं होतं, खेळाडूंची नव्हे. त्यामुळे ब्राझीलच्या पिवळ्या कपड्यांत पळणारे अकराही इसम काल्पनिक. खातं अधिकृत, खातेदार बोगस.

हे सगळं वर्ध्याला पोचायला पाच-सहा वर्षं लागली आणि ते पोचलं टॅलीच्या क्लासमधून. बजाज चौकाजवळच्या एका क्लासात आम्ही कॉमर्सची पोरं टॅली शिकत होतो. सर जेवायला गेले की टॅली मिटायचं आणि ‘फिफा ९८’ उघडायचं. या गेममध्ये विश्वचषकाची पात्रता फेरी होती आणि तिच्यात १७२ देश होते. म्हणजे भारतसुद्धा! १९५० साली ब्राझीलला जायची संधी आलेली असून आपण गेलो नाही. त्यानंतर खऱ्या विश्वचषकाचं दार आपल्याला उघडलेलं नाही. पण टॅलीच्या क्लासात आमचा एक दोस्त रोज दुपारी भारताला घेऊन बसायचा. एके दिवशी तो किंचाळलाच, “अबे, डेबिट-क्रेडिट ठेव तिकडे! भारत फ्रान्सले चालला!” सगळा क्लास त्याच्या खुर्चीमागे. सर हात धुऊन आले तेही थांबले. म्हणाले, “कोनासंग हाय?”

इंग्लंड-अमेरिकेतल्या समीक्षकांनी ‘फिफा ९८’ची पुष्कळ वाहवा केली. त्यातलं संगीत त्यांना आवडलं, एवढे देश घातल्याचंही कौतुक झालं. पण त्या यादीत बोट फिरवत आपला देश शोधायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती. तो मार्क त्यांच्या गुणपत्रकात नाही.

आता येते ती जपानी बाजू, माझी फार लाडकी. कोनामी या कंपनीचा ‘प्रो एव्होल्युशन सॉकर’. जाणते लोक त्याला ‘पेस’ म्हणतात. २००१ पासून पुढली पाच-सहा वर्षं जवळजवळ सगळे समीक्षक एकमुखानं सांगत होते की फुटबॉल खेळायचा तर हाच खेळा. इथे चेंडूला चेंडूसारखं वजन आहे, पास द्यायला अक्कल लागते, एक-शून्यनं जिंकलं तरी घाम फुटतो. ग्रेडरनं धागा बघितला आणि पहिला नंबर दिला. पण नावांचं काय? लिव्हरपूलचा झाला होता ‘मर्सीसाइड रेड’, चेल्सी ‘लंडन एफ.सी.’, आणि ब्राझीलचा जगप्रसिद्ध रॉबर्टो कार्लोस एका काळी चक्क ‘रॉबर्टो लार्कोस’! अक्षरं तीच, जागा बदललेल्या. आमच्याकडे असा फॉर्म आला तर आम्ही त्याला ‘स्पेलिंगमध्ये तफावत’ म्हणतो आणि प्रतिज्ञापत्र मागतो.

कळस केला तो हॉलंडच्या टीमनं. त्यांच्या नावांचे हक्क मिळाले नाहीत म्हणून २००२ च्या सुमाराच्या आवृत्तीत सगळ्या डच खेळाडूंना एकच आडनाव दिलं: ‘ऑरेंजेस’. पुढे नुसते आकडे. ऑरेंजेस ००१, ऑरेंजेस ००२... कारंजा-आष्टीकडच्या आमच्या संत्रा बागायतदारांना हे वाचून दाखवलं तर ते विचारतील, शेकड्यानं विकतात का क्रेटनं?

आणि तरी लोक या बेनामी मंडळींवर जीव टाकत. ‘पेस’मध्ये क्लब चालवायला घेतला की पदरी काही काल्पनिक खेळाडू पडायचे. कास्टोलो, मिनांडा, झिमेलेझ. हे तिघे कुठल्याही आईच्या पोटी जन्मले नाहीत, पण आज चाळिशी गाठलेली जगभरची माणसं त्यांची आठवण अशी काढतात की जणू एका बाकावर बसून शिकले.

बाजारात मात्र नावानं बाजी मारली. पोराला वाढदिवसाला गेम घेऊन देणारा बाप धागा बघत नाही. तो खोक्यावर ओळखीचा चेहरा बघतो. ‘फिफा’नं खऱ्या नावांचे हक्क साठवले, मग सावकाश चेंडूही सुधारला. ‘फिफा १०’ला २००९ मध्ये मेटाक्रिटिकच्या सरासरीत शंभरपैकी ९१ पडले. मेटाक्रिटिक म्हणजे सगळ्या समीक्षकांच्या मार्कांची बेरीज-भागाकार करणारी संस्था, आमच्या आवडीची. २०२१ पर्यंत ‘फिफा’च्या साडेबत्तीस कोटी प्रती खपल्याचं कंपनीनं सांगितलं.

पण श्रीमंताघरीही बेनामी व्यवहार सुटत नाही. २०१९ मध्ये कोनामीनं युव्हेंटसचा एकट्यासाठी करार केला आणि ‘फिफा २०’मध्ये रोनाल्डोसारखा रोनाल्डो ‘पिएमोंते काल्चो’ नावाच्या, पृथ्वीवर नसलेल्या क्लबाकडून खेळू लागला.

समीक्षकांनी दात दाखवले ते एकदाच, पण झकास. निन्टेन्डोच्या स्विच यंत्रावर ‘फिफा’ची जुनीच आवृत्ती कपडे बदलून दरवर्षी विकली जात होती. २०२० मध्ये आय.जी.एन. या संस्थेनं काय करावं? आदल्या वर्षीचं परीक्षण तसंच्या तसं पुन्हा छापलं आणि दहापैकी दोन मार्क दिले. गेम तोच, तर परीक्षणही तेच. गेल्या वर्षीच्या ताळेबंदावर नुसती तारीख बदलणाऱ्या चार-दोन संस्था मीही बघितल्यात, पण तपासनिसानं त्याच शाईत उत्तर दिलेलं नव्हतं बघितलं.

मार्कांत न मोजली जाणारी दुसरी गोष्ट पैशाची. खेळाडूंची बंद पाकिटं: आत कोण निघेल ते पैसे भरून फोडल्यावर कळायचं. आठवडाभर खेळून मार्क देणाऱ्याला ती जाणवत नाहीत. ती वर्षभर खेळणाऱ्या पोराच्या खिशाला चावतात. बेल्जियमच्या अधिकाऱ्यांनी २०१८ मध्ये याला सरळ जुगार म्हटलं, आणि जानेवारी २०१९ अखेर कंपनीला तिथली ती विक्री थांबवावी लागली. शंभरपैकी किती, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

मग आला २०२१ चा तो आठवडा. एकीकडे ‘फिफा २२’ आला आणि त्यात पहिल्यांदाच इंडियन सुपर लीग. म्हणजे मुंबई सिटीचा निळा सदरा खऱ्या नावानिशी पडद्यावर. माझा भाचा विदर्भातला असून दोन दिवस मुंबईकर झाला होता. दुसरीकडे कोनामीनं ‘पेस’ हे नावच मोडीत काढून ‘ईफुटबॉल’ आणला, तोही फुकट! तीस सप्टेंबरला तो निघाला आणि या वेळी समीक्षकांची वाट कुणी बघितली नाही. स्टीम नावाच्या दुकानात गिऱ्हाइकालाच अंगठा वर किंवा खाली करता येतो. दहांतल्या नवांनी खाली केला. दिवसाभरात तो त्या दुकानातला सगळ्यांत वाईट मताचा गेम ठरला. मेसी आणि रोनाल्डोचे चेहरे बघून लोक आधी दचकले, मग हसत सुटले. या वेळी नावं खरी होती, चेहरे बेनामी निघाले! कोनामीनं दुसऱ्याच दिवशी माफी मागितली आणि मोठी दुरुस्ती केली एप्रिल २०२२ मध्ये.

पुढल्याच महिन्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स आणि फिफा वेगळे होणार असल्याचं जाहीर झालं. चार वर्षांच्या नावाला फिफानं एक अब्ज डॉलर मागितल्याची बातमी न्यूयॉर्क टाइम्सनं आधीच छापली होती. २०२३ पासून तोच गेम ‘ईए स्पोर्ट्‌स एफ.सी.’ नावानं निघू लागला. समीक्षकांनी लिहिलं की खेळ साधारण मागल्यासारखाच आहे. मग फिफाचं मोकळं नाव कुठे गेलं? डिसेंबर २०२४ मध्ये रियाधला फिफाचा ई-विश्वचषक झाला, तो खेळला गेला कोनामीच्या त्याच ‘ईफुटबॉल’वर.

हे मी जेवणाच्या सुट्टीत आमच्या दफ्तऱ्यांना सांगितलं. त्यांनी डबा झाकला आणि म्हणाले, “म्हंजे साहेब, नाव एकाचं, वावर दुसऱ्याचं, अन् पेरा तिसऱ्याचा. हे तं आपल्या तालुक्यातबी चालते.”

मी म्हटलं, चालतं, पण सातबारा लागतो.