हिवाळी ऑलिंपिक क्रीडासामन्यांतील भारत (१९६४–२०२२)

हिवाळी ऑलिंपिक क्रीडासामने : बर्फाच्छादित उतारांवर, हिमाच्या सपाटीवर व गोठविलेल्या पृष्ठभागावर खेळल्या जाणाऱ्या क्रीडाप्रकारांचे आंतरराष्ट्रीय सामने. ते १९२४ साली फ्रान्समधील शामोनी येथे सुरू झाले. भारताने त्यांत प्रथम १९६४ साली भाग घेतला. तेव्हापासून २०२२ पर्यंतच्या अकरा सामन्यांत भारतातर्फे सोळा क्रीडापटू उतरले. त्यांपैकी चौदा पुरुष व दोन स्त्रिया होत्या. या काळात भारताला एकही पदक मिळाले नाही. तथापि तेवढ्यावरून हा इतिहास नगण्य ठरत नाही. जगातील सर्वांत उंच पर्वतरांग ज्या देशाच्या उत्तर सीमेवर उभी आहे, त्या देशाला हिमक्रीडांमध्ये इतके अल्प यश का लाभावे, या प्रश्नाच्या दृष्टीने तो अभ्यासनीय आहे.

उन्हाळी ऑलिंपिक सामन्यांशी भारताचा संबंध याहून बराच जुना आहे. १९२० च्या अँटवर्प येथील सामन्यांत बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यतीत १९ वा क्रमांक मिळविला होता. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले. त्यांच्या प्रवासखर्चाचा मोठा भाग हितचिंतकांच्या मदतीतून व लोकवर्गणीतून उभा राहिला होता. अर्ध्या शतकानंतर हिमक्रीडांतील भारतीय खेळाडूंवरही असाच प्रसंग आला, हे पुढील वृत्तांतावरून दिसून येईल.

प्रारंभीचा काळ : भारताचे पहिले हिवाळी ऑलिंपिक क्रीडापटू जेरेमी बुयाकोव्स्की हे पोलिश वंशाचे होते. १९६४ मध्ये इन्सब्रुक (ऑस्ट्रिया) व १९६८ मध्ये ग्रनॉबल (फ्रान्स) येथील स्कीइंगच्या शर्यतींत त्यांनी भारताचे एकट्यानेच प्रतिनिधित्व केले. त्यानंतर वीस वर्षे भारताचा एकही खेळाडू या सामन्यांत दिसला नाही. १९८८ साली कॅल्गारी (कॅनडा) येथे गुल देव, किशोर राय व शैलजा कुमार असे तिघेजण स्कीइंगमध्ये उतरले. शैलजा कुमार या हिवाळी ऑलिंपिकमधील पहिल्या भारतीय महिला होत. स्लॅलम या प्रकारात, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळणे घेत खाली येण्याच्या शर्यतीत, त्यांना २८ वा क्रमांक मिळाला. १९९२ च्या आल्बेरव्हिल (फ्रान्स) येथील सामन्यांत चुनीलाल ठाकूर व नानकचंद ठाकूर यांनी भाग घेतला. १९९४ मध्ये भारताचा सहभाग नव्हता.

शिव केशवन यांची कारकीर्द : भारतीय हिमक्रीडांच्या इतिहासातील सर्वांत प्रदीर्घ कारकीर्द शिव केशवन (जन्म १९८१) यांची आहे. मनालीजवळील वशिष्ठ या गावी वाढलेल्या केशवन यांनी ल्यूज हा क्रीडाप्रकार निवडला. ल्यूज म्हणजे छोटी, बसकी घसरगाडी. खेळाडू तिच्यावर पाय पुढे करून उताणा झोपतो आणि बर्फाच्या वळणदार नाळेतून ताशी १३० किमी.हूनही अधिक वेगाने खाली येतो. गाडीला सुकाणू नसते. पोटऱ्या व खांदे यांच्या सूक्ष्म दाबाने तिला दिशा द्यावी लागते. शर्यतीचा निकाल सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजला जातो. अशी कृत्रिम रीत्या गोठविलेली नाळ भारतात नाही. जगातही तिची संख्या थोडीच आहे. परिणामी केशवन यांना गाडीला चाके लावून हिमालयातील डांबरी घाटरस्त्यांवर, मोटारी चुकवीत सराव करावा लागे.

नागानो (जपान) येथे १९९८ साली ते प्रथम उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे सोळा होते. त्या सामन्यांत त्यांनी २८ वा क्रमांक मिळविला. २००६ साली तूरिन (इटली) येथे ते २५ वे आले. ही त्यांची ऑलिंपिकमधील सर्वोत्तम कामगिरी होय. २०११ साली नागानो येथे त्यांनी आशियाई ल्यूज स्पर्धेत सुवर्णपदकही मिळविले. साहित्य व परदेशातील सराव यांचा खर्च भागविण्यासाठी त्यांना वेळोवेळी जनतेकडे आर्थिक साहाय्याचे आवाहन करावे लागले. सहा हिवाळी ऑलिंपिक सामन्यांत भाग घेऊन २०१८ साली प्याँगचांग (द. कोरिया) येथे ३४ व्या क्रमांकानंतर ते निवृत्त झाले. २०२० चा अर्जुन पुरस्कार त्यांना देण्यात आला.

इतर सहभाग : तूरिन येथील २००६ चे पथक चार खेळाडूंचे होते व २०२२ पर्यंतच्या भारतीय पथकांत ते सर्वांत मोठे ठरते. केशवन यांच्याखेरीज त्यात नेहा आहुजा व हिरालाल (उतारावरील स्कीइंग) आणि बहादूर गुप्ता (सपाटीवरील लांब पल्ल्याचे स्कीइंग) यांचा समावेश होता. २०१० मध्ये व्हँकूव्हर (कॅनडा) येथे जाम्यांग नामग्याल व ताशी लुंडुप हे केशवन यांचे सहकारी होते. २०१८ साली जगदीश सिंग यांना १५ किमी. शर्यतीत १०३ वा क्रमांक मिळाला. बीजिंग येथील २०२२ च्या सामन्यांत काश्मीरचे आरिफ खान हे भारताचे एकमेव प्रतिनिधी होते. महास्लॅलम शर्यतीत ते ४५ वे आले. स्लॅलमची फेरी मात्र त्यांना पूर्ण करता आली नाही. गलवान खोऱ्यातील संघर्षात सहभागी असलेल्या चिनी सैनिकाच्या हाती ऑलिंपिक ज्योत दिल्याच्या निषेधार्थ भारताने त्या वर्षी उद्‌घाटन व समारोप समारंभांवर राजनैतिक बहिष्कार टाकला होता. खेळाडूने मात्र शर्यतीत भाग घेतला.

ध्वजाचा प्रश्न : सोची (रशिया) येथील २०१४ चा प्रसंग विशेष नोंदवावा असा आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय ऑलिंपिक संघाला डिसेंबर २०१२ मध्ये निलंबित केले होते. संघाच्या निवडणुकीतील शासकीय हस्तक्षेप व आरोपपत्र दाखल झालेल्या व्यक्तींची पदांवरील निवड हे वादाचे मूळ होते. त्यामुळे सामन्यांच्या उद्‌घाटनप्रसंगी भारतीय खेळाडूंना तिरंग्याऐवजी ऑलिंपिक ध्वजामागून चालावे लागले आणि केशवन यांच्या शर्यतीही स्वतंत्र खेळाडू म्हणूनच झाल्या. संघाच्या नव्या निवडणुकीनंतर, सामने चालू असतानाच, ११ फेब्रुवारी २०१४ रोजी निलंबन उठले. त्यानंतर शर्यतीत उतरलेले नदीम इक्बाल (१५ किमी. शर्यत, ८५ वा क्रमांक) व हिमांशू ठाकूर (महास्लॅलम, ७२ वा क्रमांक) हे भारताचे खेळाडू म्हणून नोंदले गेले. प्रशासनाच्या दोषाची शिक्षा खेळाडूला कशी भोगावी लागते, याचे हे ठळक उदाहरण होय.

कारणमीमांसा : भारतातील हिमक्रीडांची प्रमुख केंद्रे गुलमर्ग (जम्मू व काश्मीर), मनालीजवळील सोलंग (हिमाचल प्रदेश), औली (उत्तराखंड) व लडाख ही होत. गुलमर्ग सु. २,६५० मी. उंचीवर आहे. सैन्यदल व भारत-तिबेट सीमा पोलीस यांच्या प्रशिक्षणातून अनेक स्कीपटू घडले. उपलब्ध हंगाम मात्र थोड्या महिन्यांचा आणि सोयी अपुऱ्या आहेत. यूरोपातील स्कीपटू वर्षाचा मोठा भाग बर्फावर घालवितो व दर हंगामात अनेक शर्यतींत उतरतो. ऑलिंपिक प्रवेशासाठी लागणारे गुण अशा मान्यताप्राप्त आंतरराष्ट्रीय शर्यतींतूनच मिळतात. म्हणून भारतीय खेळाडूला पात्रता मिळविण्यासाठीच परदेशवारी करावी लागते आणि तीत त्याचा बहुतेक पैसा खर्च होतो.

तथापि हवामान व पर्वत हे यशाचे एकमेव कारण नव्हे. उंच पर्वत नसलेल्या नेदर्लंड्सने वेगवान स्केटिंगमध्ये सर्वाधिक पदके मिळविली आहेत. द. कोरियाच्या हिवाळी पदकांचा मोठा भाग बंदिस्त रिंगणातील लघुपल्ल्याच्या स्केटिंगमधून आलेला आहे. याउलट भारताचे सोळाही क्रीडापटू स्कीइंग व ल्यूज या प्रकारांतील होते. स्केटिंगमध्ये कोणीही नव्हते. डेहराडून येथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी सामन्यांसाठी बांधलेले बंदिस्त रिंगण पुढे अनेक वर्षे बंद राहिले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. लडाखमधील गोठलेल्या तलावांवर वाढलेल्या महिला आइस हॉकी संघाने २०२५ च्या आशिया चषक स्पर्धेत कांस्यपदक जिंकले, हे जिद्दीइतकेच सातत्यपूर्ण सरावाचे फळ आहे.

महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) असून राज्यात हिमवर्षाव होत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा, मूल यांसारख्या वनप्रदेशात तर उन्हाळ्यात पारा ४५° से.पलीकडे जातो. तरीही याच जिल्ह्यातील आदिवासी आश्रमशाळांच्या पाच विद्यार्थ्यांनी, शासनाने आखलेल्या प्रशिक्षणानंतर, मे २०१८ मध्ये एव्हरेस्ट शिखर सर केले. गिर्यारोहण हा स्पर्धात्मक हिमक्रीडांपैकी नसला, तरी बर्फ पाहण्यापूर्वीच बर्फासाठी माणूस तयार करता येतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. महाराष्ट्रातील अनेक शहरांत चाकांच्या स्केटिंगचे वर्ग भरतात. बर्फाचे बंदिस्त रिंगण जवळ आल्यास त्यांतील मुलांना ऑलिंपिकचा मार्ग सुलभ होऊ शकेल. भारताच्या हिवाळी ऑलिंपिकमधील उणीव ही प्रामुख्याने निसर्गाची नसून साधने, सराव व स्थिर प्रशासन यांची आहे, असे १९६४ ते २०२२ या काळातील वृत्तांतावरून म्हणता येते.