मानसशास्त्रातील पदवी (रत्नागिरी)

बारावीनंतर मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मिळणारी कला शाखेची पदवी, म्हणजे बी.ए. रत्नागिरी जिल्ह्यातील पारंपरिक पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या (स्थापना १८५७) कक्षेत येतात, त्यामुळे पदवीच्या अटीही त्याच विद्यापीठाच्या चौकटीतून ठरतात. शहरातील गोगटे-जोगळेकर महाविद्यालय (स्थापना १९४५) आता स्वायत्त आहे. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवते, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते.

प्रवेशासाठी कोणत्याही शाखेतून बारावी उत्तीर्ण असणे पुरते. राज्य मंडळाच्या अकरावी-बारावीत मानसशास्त्र हा ऐच्छिक विषय आहे आणि त्याचे मराठी पाठ्यपुस्तकही आहे, पण तो घेतलेला असलाच पाहिजे असे नाही. विज्ञान किंवा वाणिज्य शाखेची मुलेही येतात. कला शाखेत आलो म्हणजे गणित सुटले, असा समज करून घेतलेल्या विद्यार्थ्याला पुढे संख्याशास्त्र जड जाते. मध्यमान, मध्यांक, प्रमाण विचलन, सहसंबंध हे सगळे मानसशास्त्रीय चाचण्यांच्या अभ्यासाचा कणा आहेत.

जुन्या रचनेत पदवी तीन वर्षांची, सहा सत्रांची होती. पहिल्या वर्षी मानसशास्त्राची मूलतत्त्वे, दुसऱ्या वर्षी सामाजिक आणि विकासात्मक मानसशास्त्र, आणि पूर्ण मानसशास्त्र घेणाऱ्याला तिसऱ्या वर्षी सहा पेपर : मानसशास्त्रीय चाचण्या व संख्याशास्त्र, अपसामान्य मानसशास्त्र, औद्योगिक व संघटनात्मक, बोधनिक, समुपदेशन आणि प्रात्यक्षिक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार ही रचना राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून बदलली. आता हिशेब श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटांचा आहे. सत्राला २० ते २२ श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चौथे वर्ष करून ऑनर्स घेतल्यास १६० ते १७६. तासिकेच्या एका श्रेयांकासाठी १५ तास, प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी ३० तास धरतात. मुख्य विषयाच्या जोडीला गौण विषय, भाषा, कौशल्याचे अभ्यासक्रम, भारतीय ज्ञानप्रणाली, समाजसंपर्क आणि कार्यप्रशिक्षण असते. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात. मधेच थांबावे लागल्यास पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका मिळू शकते. त्यासाठी कौशल्याचे चार जादा श्रेयांक पूर्ण करावे लागतात.

या सगळ्यात पदवीचा खरा कस लागतो तो प्रात्यक्षिकात. जर्मनीतील लाइपझिग येथे विल्हेल्म वुंट यांनी १८७९ मध्ये प्रयोगशाळा उभारली, तेव्हापासून हा विषय तत्त्वज्ञानापासून वेगळा झाला. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाने १९५० मध्ये आपल्या विभागाला नावच प्रायोगिक मानसशास्त्र असे दिले. वर्गात विद्यार्थी जोडीने बसतात. एक प्रयोगकर्ता, दुसरा प्रयुक्त, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग होतो तो, मग अदलाबदल. लांबीचा दृष्टिभ्रम, स्मृतीचा आवाका, प्रतिक्रियाकाल, रंगाचे नाव वेगळ्याच रंगात छापलेले असताना छपाईचा रंग सांगताना होणारा घोटाळा असे प्रयोग होतात. सूचना प्रत्येक प्रयुक्ताला त्याच शब्दांत द्यायच्या, चल नियंत्रित ठेवायचे, प्रयुक्ताची संमती घ्यायची, त्याचे गुण इतरांना सांगायचे नाहीत, आणि मिळालेला निकाल अपेक्षेविरुद्ध असला तरी तसाच जर्नलमध्ये, म्हणजे प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत उतरवायचा. जर्नल तपासून सही झाल्याशिवाय प्रात्यक्षिकाला बसता येत नाही. हे वरवर कंटाळवाणे वाटणारे काम मुलांनी मन लावून करावे. माणसाविषयी बोलण्याआधी त्याचे नीट निरीक्षण करण्याची सवय इथेच लागते.

अपसामान्य मानसशास्त्र शिकणाऱ्याला रत्नागिरीचे एक वेगळे महत्त्व दिसेल. ठाणे, येरवडा आणि नागपूर यांच्या बरोबरीने राज्य शासनाच्या चार जुन्या प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक याच शहरात आहे. मंजूर खाटा ३६५, म्हणजे चारांत सर्वांत लहान. छिन्नमनस्कता किंवा नैराश्य ही पुस्तकातली प्रकरणे नसून शेजारच्या गावातल्या माणसांची दुखणी आहेत, हे इथल्या विद्यार्थ्याने ओळखलेच पाहिजे. रुग्णांची गोपनीयता सांभाळून आणि रुग्णालयाच्या परवानगीने कार्यप्रशिक्षणाचे काही तास अशा ठिकाणी व्हावेत, असे प्रस्तुत लेखकाचे आग्रहाचे मत आहे.

पदवी मिळाली म्हणजे उपचार करण्याचा अधिकार मिळाला, असे मात्र नाही. पालक आणि विद्यार्थी दोघांचाही इथे हमखास गैरसमज होतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होण्यासाठी मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, त्यानंतर दोन वर्षांचे पूर्णवेळ मान्यताप्राप्त एम.फिल. आणि १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी अशी एक वाट आहे. औषधे लिहून देतो तो मनोविकारतज्ज्ञ, आणि त्याची सुरुवात एम.बी.बी.एस.पासून होते. नुसत्या बी.ए.वर शिक्षण, समाजकार्य, मनुष्यबळ विभाग, स्पर्धा परीक्षा अशी दारे उघडतात.

मंडणगड, राजापूर किंवा संगमेश्वरच्या आतल्या गावांतून रोज शहरात येणे ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी दूरशिक्षण हा आधार होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने देण्यास मनाई केली. या विषयाला प्रत्यक्ष सराव लागतो, त्यामुळे निर्णयामागचे कारण योग्यच आहे. पण आता अशा मुलामुलींना वसतिगृह किंवा एस.टी.चा पास यांवाचून मानसशास्त्राची पदवी घेता येणार नाही, आणि ती सोय करण्याची जबाबदारी महाविद्यालयांवर व शासनावर येते.